घरचं कांद्याचं बी दरवर्षी दगा देतंय? आधी दोष कुठल्या महिन्यातला ते शोधा

आमच्या निफाडच्या बाजूला वर्षातून दोन-तीनदा तरी हे बोलणं कानावर येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, "घरचं उळं (कांद्याचं बी) टाकलं, निम्मंही वर आलं नाही." जानेवारीत, "रोप झकास होतं, पण वाफ्यावाफ्याला डेंगळे (फुलाचे दांडे) निघालेत." एप्रिलमध्ये, "कांदा पोसला, पण बघावं तो जोड." आणि तिन्ही वेळा निकाल एकच लागतो: घरच्या बियात आता दम राहिला नाही, पुढच्या साली दुकानातून आणू.

मी सतरा-अठरा वर्षं घरचंच बी धरतेय. त्यात चार वर्षं साफ फसलीत, म्हणून हे लिहायला बसले. बहुतेक जण एक घोळ करतात. बी उगवलं नाही काय, डेंगळे आले काय, रंग मिसळला काय, सगळ्याला एकच औषध शोधतात. खरं तर तक्रार ऐकल्याबरोबर अर्धं निदान होतं. बी उगवलंच नाही, तर चूक बी तयार झाल्यानंतरची, म्हणजे वाळवणीतली किंवा साठवणीतली. उगवलं पण कांदा बिघडला, तर चूक बी तयार व्हायच्या आधीची, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीतल्या निवडीतली किंवा शेजारच्या वावरातली. आणि फुलांचे गोंडे बियाने भरलेच नाहीत, तर बहुतेक वेळा फुलोऱ्यात मधमाश्या फिरकल्या नाहीत. ज्या महिन्यात चूक झाली त्या महिन्यात ती सुधारायची. नोव्हेंबरात रोपावर टॉनिक मारून मे महिन्यातली चूक निघत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. पाकिटावर संकरित किंवा एफ-१ लिहिलेलं असेल, तर त्या कांद्याचं बी धरू नका. पुढच्या पिढीत त्याचं सगळं विखुरतं, त्याला इलाज नाही. खाली जे लिहिलंय ते एन-२-४-१, पुणे फुरसुंगी, भीमा शक्ती, भीमा किरण अशा सुधारित किंवा गावरान उन्हाळ कांद्यासाठी, म्हणजे थंडीत लावून एप्रिलमध्ये काढायच्या कांद्यासाठी आहे.

"उळं उगवलंच नाही"

कांद्याचं बी मुळातच अल्पायुषी. ज्वारी-बाजरीचं बी कणगीत दोन-तीन वर्षं निघतं, म्हणून कांद्याचंही निघेल असं धरू नका. उघड्या हवेत वर्षभरात त्याचा जोर बराच उतरतो. त्यात उन्हाळ कांद्याचं बी मार्च-एप्रिलमध्ये निघतं आणि वाफ्यात पडतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे अख्खा पावसाळा त्याला घरात काढायचा असतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फडक्याच्या पुरचुंडीत टांगलेलं बी रोज थोडं थोडं पाणी ओढतं आणि आतल्या आत म्हातारं होतं. बाहेरून मात्र तसंच काळंभोर, चमकदार दिसतं. इथंच माणूस फसतो.

माझी पहिली चूक नेमकी उलटी होती. पुरचुंडी नको म्हणून मी काचेची बरणी आणली. संध्याकाळी उन्हातून उचललेलं कोमट बी तसंच भरलं आणि झाकण घट्ट लावलं. ऑगस्टमध्ये उघडलं तर कुबट वास. बी पुरेसं वाळलं नव्हतं आणि मी ती ओल आतच कोंडली होती. हवाबंद डबा बी वाळवत नाही, जसं घातलं तसं ठेवतो. ओलं घातलंत तर ओलं.

सरकारी प्रमाणात कांद्याच्या बियाला उगवण किमान ७० टक्के लागते, आणि ओलावा साध्या पिशवीत ८ टक्क्यांपर्यंत, हवाबंद डब्यात ६ टक्क्यांपर्यंत चालतो. तो ६ चा आकडा ध्यानात ठेवा. घरी ओलावा मोजायचं यंत्र नसतं. मी दोन गोष्टी करते. एक, बी दाताखाली धरते. कट् करून तुटलं तर ठीक, चेपलं तर अजून वाळवायचं. दुसरी जास्त खात्रीची. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र मिळतं, ते बियासोबत बरणीत टाकायचं, झाकण लावून एक दिवस थांबायचं. आकडा ३० च्या आसपास किंवा खाली आला की बी ठेवण्याजोगं झालं. ५० दाखवत असेल तर परत बाहेर काढा.

वाळवताना घाई नडते. एप्रिलचं दुपारचं ऊन, त्यात काळी किंवा निळी ताडपत्री, नाहीतर पत्र्याचं छत, आणि त्यावर काळं बी. हात टेकवत नाही इतकं ते तापतं, आणि ओल असताना तापलेल्या बियातला अंकुर मरतो. आमच्याकडे एका वर्षी गड्यांनी सोय म्हणून शेडच्या पत्र्यावर पसरलं. ते बी शंभरातलं वीसही उगवलं नाही. आता सकाळी साडेदहा-अकरापर्यंतचं ऊन, मग सावलीत पातळ थर, सुती कापडावर किंवा गोणपाटावर, दिवसातून तीन-चारदा हात फिरवायचा. असं सात-आठ दिवस. शेवटची ओल काढायला बरणीत निळी सिलिका जेल टाकते. ती न मिळाल्यास तवाभर तांदूळ कोरडे भाजून, गार करून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून बियासोबत ठेवा. पंधरा दिवसांनी तांदूळ बदला. फ्रिजमध्ये ठेवायलाही हरकत नाही, पण बी आधी खरंच कोरडं हवं. आणि बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका, नाहीतर गार बियावर दव धरतं.

उगवण तपासल्याशिवाय वाफ्यात बी टाकणं म्हणजे लग्न ठरवून मुलगी बघायला जाण्यासारखं आहे. शंभर बिया मोजा, ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या रांगेत मांडा, गुंडाळी करा. सहाव्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची. मे-जूनमध्ये तपासत असाल तर गुंडाळी माठाच्या तिवईखाली ठेवा. कांद्याला वीस-पंचवीस अंशांचा गारवा आवडतो, पस्तिशीच्या वरच्या खोलीत चांगलं बीही अंग चोरतं आणि तुम्ही उगाच ते फेकून द्याल. ७० च्या वर आलं तर नेहमीप्रमाणे एकरी तीन किलोच्या हिशोबाने टाका. ५० आलं तर सव्वाचार किलो धरा. ४० च्या खालचं मी टाकत नाही. त्यातली जी रोपं येतात ती दुबळी असतात, आणि वाफ्याची मेहनत तेवढीच.

गुंडाळीत ऐंशी उगवलं आणि वाफ्यात तीस, असं असेल तर बियाला बोल लावू नका. बी बोटाच्या पेरापेक्षा खोल गेलं, पाटपाण्याने वर पापुद्रा धरला, किंवा दाट पडून रोपांची मर झाली, यातलं काहीतरी आहे. गादीवाफा करा, बी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल ओळीत टाका, वरून चाळलेलं शेणखत.

"डेंगळे निघतात, जोड निघतो"

डेंगळा म्हणजे कांद्याच्या पातीतून निघणारा फुलाचा दांडा, कुणी डोंगळा म्हणतं. कांदा खरा दोन हंगामांचा गडी. पहिल्या हंगामात गड्डा धरायचा, दुसऱ्यात फुलायचं. पण रोप जाड झालेलं असताना कडक थंडी लागली की त्याला वाटतं वर्ष उलटलं, आणि ते पहिल्याच हंगामात फुलायला निघतं. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तेव्हा इथं थोडे डेंगळे येणारच. प्रश्न किती येतात हा आहे.

आधी रोपाचा दोष काढून टाका. फार लवकर टाकलेलं, दोन-सव्वादोन महिने वाफ्यात राहून पेन्सिलीएवढं जाड झालेलं रोप लावलं असेल तर कुठलंही बी डेंगळे देईल. सात-आठ आठवड्यांचं रोप लावा. शेजाऱ्याने त्याच आठवड्यात, तशाच जाडीचं रोप लावलं आणि त्याच्याकडे तुरळक डेंगळे, तुमच्याकडे शेकडा वीस, असं असेल तेव्हा बियावर संशय घ्यायचा.

आणि मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: बी कुठून धरलं होतं? दहापैकी सहा-सात ठिकाणी उत्तर मिळतं की मागच्या वर्षी उन्हाळ कांद्याच्या वावरात जे डेंगळे निघाले, तेच राखून ठेवले. आयतं बी, वेगळा प्लॉट नको, वेगळे कांदे नकोत. पण नीट बघा, वावरातल्या हजारो झाडांतून तुम्ही नेमकी तीच वेचलीत जी वेळेआधी फुलतात. दोन-तीन वर्षं असं केलं की उळं डेंगळ्याचंच होतं. हे फुकटचं बी सगळ्यात महाग पडतं. त्याला दुरुस्ती नाही, ते टाकून द्या आणि चांगल्या उळ्यापासून नव्याने सुरुवात करा.

बी धरायचं ते गड्ड्यापासून, आणि गड्डा निवडायचा तो चाळीतून. एप्रिलमध्ये काढणीला देखणे कांदे बाजूला ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ऑक्टोबरपर्यंत थांबते. मे ते सप्टेंबर चाळीत पडलेला कांदा स्वतःच परीक्षा देतो. काही सडतात, काहींना कोंब येतात, काही पोकळ होऊन हलके पडतात. चार-साडेचार महिन्यांनी जो टणक, कोंब न आलेला, पातळ मानेचा, एकसारख्या रंगाचा उरतो, त्याच्या पोटचं बी चाळीत टिकणारा कांदा देतं. सासूबाई म्हणायच्या, "दिवाळीला जो हातात दगडासारखा लागंल, तो लाव." साठ-सत्तर ग्रॅमचा मध्यम कांदा घ्या. फार मोठा घेतला तर एकरी लागणाऱ्या कांद्यांचं वजन उगाच वाढतं, गोल्टी (अगदी बारीक कांदा) घेतली तर दांडे कमी आणि बारीक येतात.

आता जोडाचं. लावायच्या आदल्या दिवशी आमच्या ओट्यावर विळी मांडली जाते. प्रत्येक कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा आडवा कापायचा. वाढीचा डोळा खाली असतो, त्याला धक्का लागत नाही, उलट कोंब एकदम फुटतात. कापलेल्या तोंडाकडे बघा. सगळी वर्तुळं एकाच मध्याभोवती फिरत असतील, पाण्यात खडा टाकल्यासारखी, तर तो एका डोळ्याचा. आत दोन किंवा तीन वेगळे ठिपके आणि प्रत्येकाभोवती त्याची त्याची वर्तुळं दिसली, तर तो बाहेरून कितीही गोल असला तरी आतून जोड. तो टोपलीत वेगळा टाका, घरात खायला. पहिल्या वर्षी मी कापले तेव्हा बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या कांद्यांतले जवळपास निम्मे असे निघाले होते. त्यानंतर तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये जोड मोजण्याइतका कमी झाला. कापलेले कांदे बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून, सावलीत सुकवून दुसऱ्या दिवशी लावायचे. आणि त्या रात्री कापलेल्या शेंड्यांची भजी ठरलेली. इतकी की दुसऱ्या दिवशी कुणी कांद्याचं नाव काढत नाही.

निवडीचा अतिरेकही नडतो. आमच्या नात्यातल्या एकाने सर्वांत सुंदर असे दहा-बारा कांदे निवडून दरवर्षी तेवढ्यांचंच बी धरलं. चार-पाच वर्षांत रोप बारीक, पात पिवळसर, गड्डा लहान. कांद्याला घरातल्या घरात सोयरीक सोसत नाही. दोनशेच्या खाली झाडं ठेवू नका. एक गुंठा बियाला दिला, दोन फूट सरीवर फुटाफुटाने लावलं, तर पाच-साडेपाचशे कांदे बसतात, म्हणजे तीस-चाळीस किलो. साधलं तर त्यातून पाच-सात किलो बी निघतं, दीड-दोन एकराची सोय. लावणीची वेळ मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर. उशीर केला तर बी भरताना कडक ऊन लागतं आणि दाणा सुरकुततो.

"उन्हाळ लावला, त्यात लाल पोळासारखे कांदे निघाले"

पोळ म्हणजे खरिपातला लाल कांदा. हे शेजारच्या वावरातून आलंय. कांद्याच्या फुलाचे परागकण आधी गळतात आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं, म्हणून त्याला दुसऱ्या फुलाचे पराग लागतातच. ते आणणारी मधमाशी बांध बघत नाही. प्रमाणित बियाण्याला दोन जातींत किमान ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्याला १००० मीटर अंतर लागतं. मी किलोमीटरच धरते. आमच्यासारख्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत हे एकट्याने जमत नाही. नोव्हेंबरात शिवारात एक चक्कर मारायची, कोण कुठली जात बियाला लावतोय ते विचारायचं आणि गोडीने ठरवायचं. आम्ही तीन घरं आता एकच जात, एकाच शिवारात बियाला लावतो. आणखी एक फट राहते. आजूबाजूच्या लाल किंवा रांगड्या (उशिरा खरिपाच्या) कांद्यातले राहून गेलेले डेंगळे. ते फुलायच्या आधी मोडून टाकायला शेजाऱ्याला सांगा, नाहीतर स्वतः जाऊन मोडा. चहा पाजतील वर.

"गोंडे मोठे आले, पण बीच नाही"

इथं अंदाज बांधत बसू नका, एक वाळलेलं बोंड तळहातावर चुरगाळा. आत तीन कप्पे असतात, प्रत्येकात दोन, म्हणजे जास्तीत जास्त सहा दाणे. चार-पाच टपोरे निघाले तर सगळं उत्तम. एक किंवा दोनच निघाले, बाकी कप्पे कोरे, तर परागीभवन झालं नाही. चार-पाच निघाले पण चपटे आणि फुंकर मारली तर उडणारे, तर माश्यांनी त्यांचं काम केलंय. दाणा भरताना पाणी तुटलं, ऊन चढलं, किंवा करप्याने दांडा वाळला. पहिल्या आणि दुसऱ्या दोषाचे इलाज अगदी वेगळे आहेत, आणि लोक दोन्हींवर तेच खत टाकतात.

माश्यांचं दुखणं गेल्या काही वर्षांत वाढलंय. जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा असतो, तेव्हाच फुलकिडे असतात, आणि आपण फवारतो. पहिले गोंडे उमलायला लागले की मी कीटकनाशकाचा पंप उचलत नाही. जे मारायचं ते फुलोऱ्याआधी. अगदीच वेळ आली तर माश्या परतल्यावर संध्याकाळी. सकाळी दहा-अकराला, दव वाळल्यावर, प्लॉटच्या मधोमध पाच मिनिटं उभं राहा. आग्या, सातेरी, फुलोरी, कुठलीतरी माशी सतत दिसायला हवी. दिसत नसेल तर एकरी दोन-तीन पेट्या भाड्याने आणा. मला स्वतःला कांद्याजवळ फुललेली कोथिंबीर नको वाटते. कांद्याच्या मधाची माश्यांना फारशी ओढ नसते, जवळ कोथिंबीर फुललेली असली की सगळ्या तिकडे जातात. माझ्या प्लॉटला एका वर्षी तेच झालं.

पेट्या मिळाल्या नाहीत तर हात आहेत. गुंठ्या-दोन गुंठ्यांना जमतं. मऊ सुती कापड हाताला गुंडाळून एका ओळीच्या गोंड्यांवरून अलगद फिरवायचं, मग दुसऱ्या ओळीच्या, आणि परत. एका गोंड्यातली शेकडो फुलं एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून हे एक दिवसाआड करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण कोऱ्या बोंडांपेक्षा बरं.

काढणीला एक बारीक गोष्ट. सगळे गोंडे एकदम पिकत नाहीत. ज्या गोंड्यातली पाव बोंडं तडकून काळं बी दिसायला लागलं, तेवढेच कापा, वीतभर दांड्यासकट, सकाळी दव असताना. दुपारी हात लावलात तर निम्मं बी जमिनीवर. दोन-तीन तोडे होतात. कापलेले गोंडे ढीग लावून ठेवू नका, आतून तापतात.

गाजराचं बी धरणाऱ्यांसाठी

दोन-तीन जणींनी हेच गाजराबद्दल विचारलंय. नियम बरेचसे तेच: डिसेंबर-जानेवारीत गाजरं उपटून निवडायची, मुळाचा खालचा शेंडा कापून आणि पाला दोन-तीन इंच ठेवून परत लावायची, दुसऱ्या जातीच्या गाजराशी सोयरीक टाळायची. फरक एवढाच की देशी गाजर किंवा पुसा केसर, पुसा मेघाली आपल्याकडे मैदानात फुलतं. नारिंगी, बुटक्या नॅन्टिसला फुलायला सहा-आठ आठवडे १० अंशांखालचा गारवा लागतो, म्हणून त्याचं बी कुलूच्या बाजूला डोंगरात होतं. ते इथं लावून फुलाची वाट बघत बसू नका. देशी गाजरातही पहिल्या, मधल्या छत्रीचं बी सर्वांत भरीव, ते वेगळं ठेवा.

२०२० मध्ये कांद्याच्या बियाण्याची इतकी टंचाई झाली की केंद्राने ऑक्टोबरअखेर त्याची निर्यातच बंद केली. त्या वर्षी आमच्या गल्लीत बरणीतलं उळं सोन्यासारखं मागितलं गेलं. तेव्हा ज्यांनी नेलं, त्यांतले बरेच जण आता स्वतः धरतात आणि अडले की फोन करतात. त्यांना मी आधी चार गोष्टी विचारते, तुम्हीही विचारायचं झालं तर या सांगा: बियाचे कांदे कुठल्या महिन्यात आणि कुठून निवडले, कापून बघितले का, फुलोऱ्यात फवारणी केली का, आणि बी बरणीत भरलं तेव्हा ते कोमट होतं का गार.